मुलांच्या खेळात गुणफरक कशाला?

गेल्या हिवाळ्यात धडगाव परिसरातल्या एका शालेय कबड्डी स्पर्धेत मी वैद्यकीय मदतीच्या टेबलावर बसलो होतो. हे काम तसे हलके असते. प्रथमोपचाराची पेटी, बर्फ, क्रेप बँडेज आणि ओआरएसची पाकिटे एवढे सोबत असले की झाले. गुडघा खरचटलेली, घोटा मुरगळलेली मुले येतात, मलमपट्टी करून घेतात आणि पुन्हा मैदानाकडे पळतात. सोळा शाळांचे संघ आले होते. चार-चार संघांचे चार गट, दोन मैदाने, पहिल्या दिवशी साखळी सामने आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन संघांची बाद फेरी, असा नेहमीचा कार्यक्रम होता.

दुपारी चारच्या सुमारास एका गटातला शेवटचा सामना सुरू होता. एका संघाकडे पंचवीसहून अधिक गुणांची आघाडी होती. निकाल कधीच लागला होता. तरी त्या संघाचे शिक्षक रेषेबाहेरून ओरडत होते, ‘‘थांबू नका! अजून एक लोण चढवा, गुणफरक लागेल!’’ त्यांना दोष देता येणार नाही. त्या गटात तीन संघांचे दोन-दोन विजय होणार होते आणि त्यातले पुढे कोण जाणार, हे गुणफरकावरच ठरणार होते. मुलांनी ऐकले. लोण चढले. समोरच्या संघाचा शेवटचा गडी, तेरा-चौदा वर्षांचा एक काटकुळा मुलगा, पकडीतून उठला, दोन पावले चालला आणि मटकन खाली बसला.

त्याला माझ्याकडे आणले तेव्हा नाडी जोरात धावत होती, ओठ कोरडे पडले होते, पोटऱ्यांत गोळे आले होते. विचारत गेलो तसे कळत गेले. वजन काट्यावर बसावे म्हणून तो आदल्या रात्री जेवला नव्हता, पाणीही जपूनच प्याला होता. पहाटे सातपुड्यातल्या वळणांच्या रस्त्याने जीपमधून येताना दोनदा उलटी झाली होती. आणि हा त्याचा दिवसातला तिसरा सामना होता. ओआरएस, दोन केळी आणि सावलीत तासभर पडून राहणे, एवढ्यावर तो सावरला. उठून बसल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो तब्येतीविषयी नव्हता. ‘‘सर, आमचा नंबर कितवा लागला?’’

शाळेच्या भिंतीवर क्रमवारीचा कागद चिकटवला होता. त्याच्या संघाचे तीन सामने, तीन पराभव आणि सर्वांत मोठा उणे गुणफरक. सोळापैकी सोळावा क्रमांक.

शाळा कोणती, स्पर्धा कोणाची, हे सांगण्यात अर्थ नाही. मुलांच्या बहुतेक स्पर्धांत हे असेच चालते आणि कुणी वाईट हेतूने करत नाही. पण तो कागद मला अजून आठवतो. एका डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर त्यात दोन दोष आहेत. जे मोजल्याचा तो दावा करतो ते त्याने नीट मोजलेले नसते. आणि मोजण्याच्या नादात तो मुलांच्या शरीराला इजा पोहोचवतो.

तीन सामन्यांत किती कळते?

माझ्याकडे एखादा माणूस प्रथमच आला आणि त्याचा रक्तदाब वाढलेला दिसला, तर मी लगेच त्याच्यावर ‘रक्तदाबाचा रुग्ण’ असा शिक्का मारत नाही. त्याला पाच मिनिटे बसवतो, पुन्हा मोजतो, काही दिवसांनी परत बोलावतो. एका मोजणीत चढ-उतार असतात हे आम्हाला शिकवलेले असते. चढून आलेला जिना, रिकामे पोट, भरलेले मूत्राशय, डॉक्टरची भीती, काहीही कारण पुरते. शाळेचा संघ तीन सामने खेळतो. त्या तीन मोजण्यांवर आपण त्याला नववा, बारावा, सोळावा ठरवतो.

यात योगायोगाचा वाटा किती मोठा असतो, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, गटातले चारही संघ अगदी तंतोतंत सारखे आहेत. प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. कोणत्याही एका संघाने तिन्ही सामने जिंकण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे एक अष्टमांश. संघ चार आहेत, आणि दोन संघ एकाच वेळी अपराजित राहू शकत नाहीत, कारण ते एकमेकांशी खेळलेले असतात. म्हणून चार अष्टमांश, अर्थात निम्मी शक्यता. ज्या गटात कुणीच कुणापेक्षा सरस नाही, त्या गटातही निम्म्या वेळा एक संघ ‘अपराजित’ म्हणून मिरवतो. तितक्याच वेळा एक संघ तिन्ही सामने हरून मान खाली घालून जातो.

उलट बाजूही पाहा. एखादा संघ खरोखरच सरस आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे. तरी तो तिन्ही सामने जिंकेल याची शक्यता ३४ टक्केच भरते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा तो कुठेतरी ठेच खाणार.

बाद पद्धतीचे दुखणे तर फार जुने आहे. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारा लुईस कॅरोल हा पेशाने गणिताचा अध्यापक होता. १८८३ मध्ये त्याने टेनिस स्पर्धांतल्या बक्षिसांवर एक पुस्तिका लिहिली. त्याचा मुद्दा असा होता : बत्तीस खेळाडू आहेत आणि चांगला खेळाडू नेहमीच जिंकतो असे धरले, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता एकतीसात सोळा, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त असते. कारण सरळ आहे. तो सर्वोत्तम खेळाडूच्याच अर्ध्या भागात पडला, तर अंतिम फेरीआधीच त्याच्याकडून हरतो. यावर उपाय म्हणून मानांकन आले. बलवान खेळाडू वेगवेगळ्या भागांत ठेवायचे, म्हणजे ते उशिरा भेटतील. पण मानांकन द्यायला आधीची भरपूर माहिती लागते. व्यावसायिक टेनिसपटूची ती असते. आश्रमशाळेच्या चौदा वर्षांखालील संघात दरवर्षी मुले बदलतात. गेल्या वर्षीचा विजेता संघ यंदा नावापुरताच तोच असतो.

गुणफरकाची गंमत

विजय सारखे झाले की आपण गुणफरक पाहतो. आकडा असल्यामुळे तो वस्तुनिष्ठ वाटतो. कबड्डीत मात्र गुण एकेक करून सावकाश वाढत नाहीत, ते गठ्ठ्याने येतात. समोरचा संघ पूर्ण बाद झाला की दोन गुण जास्तीचे मिळतात. गडी कमी झालेला संघ पुन्हा लवकर सापडतो. चांगला चढाईपटू पायाला लागून पाच मिनिटे बाहेर बसला, तर तेवढ्यात लोण चढते आणि फरक दहाने वाढतो. शेवटी कागदावर ३१ आणि १८ असे दोन गुणफरक दिसतात, तेव्हा त्यातला तेरा गुणांचा फरक दोन संघांच्या खेळातला असेलच असे नाही. तो एखाद्या मुरगळलेल्या घोट्याचाही असू शकतो.

दुसरी अडचण गटाची. ज्या गटात एक फारच कच्चा संघ आला, त्या गटातल्या बाकी तिघांचे गुणफरक आपोआप फुगतात. तगड्या गटात पडलेल्या संघाला तेच गुण मिळवायला रक्त आटवावे लागते. भिंतीवरच्या कागदावर हे कुठेच लिहिलेले नसते.

आणि तिसरी अडचण, जी माझ्या टेबलापर्यंत चालत आली. गुणफरकाला किंमत दिली की जिंकलेला सामनाही संपत नाही. आघाडीवरचा संघ आपले राखीव खेळाडू उतरवत नाही, मुख्य खेळाडूंना दमवतो. हरणाऱ्या संघातली दमलेली, उपाशी मुले शेवटच्या मिनिटापर्यंत अंगावर घेत राहतात. दमलेले स्नायू सांध्यांना नीट आधार देत नाहीत, म्हणून गुडघ्या-घोट्याच्या दुखापती सामन्याच्या आणि दिवसाच्या उत्तरार्धात अधिक दिसतात. अमेरिकेत वस्त्यावस्त्यांतून मुलांच्या हौशी बास्केटबॉल लीग चालतात. बाद फेरीपूर्वी संघांची क्रमवारी कशी लावायची, हा वाद तिथेही आहेच. पण आघाडी ठरावीक गुणांपलीकडे गेली की घड्याळ न थांबवता सामना लवकर उरकायचा, किंवा क्रमवारीत एका मर्यादेपुढचा गुणफरक धरायचाच नाही, असे नियम तिथल्या अनेक लीगनी करून ठेवले आहेत. आपल्याकडे तेवढेही नाही.

कागदावर न दिसणारे शरीर

समजा, पुरेसे सामने झाले, गटही समतोल पडले. तरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या संघात आपण मोजतो ते कौशल्य की आणखी काही? या वयात एकाच वर्गातली दोन मुले पाहा. एकाला मिशी फुटलेली असते, आवाज फुटलेला असतो, वजन पंचावन्न किलो. दुसरा अजून बालकच, पस्तीस किलोचा. वयात येण्याची वेळ निसर्गतः मागेपुढे असते. हाडांच्या वाढीने पाहिले, तर एकाच इयत्तेतल्या मुलांत चार-पाच वर्षांचे अंतर असू शकते. ज्या शाळेत लवकर वाढलेली चार मुले जास्त, तो संघ ‘बलवान’ ठरतो. तीन वर्षांनी हेच चित्र उलटे होऊ शकते.

त्यात जन्मतारखेचा घोळ. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली. डोंगरातल्या पाड्यांवर आजही सगळ्यांच्या जन्माची नोंद अचूक असते असे नाही. वयाचा वाद झाला की मुलाला आमच्याकडे पाठवतात, ‘‘डॉक्टर, वय काढून द्या.’’ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय सांगता येते. पण निरोगी मुलातही हाडांचे वय आणि खरे वय यांत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. एक्स-रेवरून मी अंदाज देतो, जन्मतारीख नाही.

मग येते रक्त. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. एका मुलाचे हिमोग्लोबिन १३ आणि दुसऱ्याचे १० असेल, तर दुसऱ्याचे रक्त पहिल्याच्या तुलनेत जवळपास चौथा हिस्सा कमी प्राणवायू वाहते. पहिल्या पाच मिनिटांत हे लक्षात येत नाही. दिवसातल्या तिसऱ्या सामन्यात नक्की येते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत १२ पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, अशी जागतिक आरोग्य संघटनेची रेषा आहे. आमच्या भागात या रेषेखालची मुले किती सहज भेटतात, हे इथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खरोखर पोटात गेली की खिशात राहिली, याचा परिणाम त्या भिंतीवरच्या क्रमवारीत दिसत असतो. फक्त तिथे त्याचे नाव ‘कच्चा संघ’ असे पडते.

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचा विचार केल्याशिवाय कोणताही शारीरिक कार्यक्रम आखता येत नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला निर्जलीकरण, अतिश्रम आणि थंडी या तिन्हींमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जीपमधून येऊन उपाशीपोटी तीन सामने खेळणे म्हणजे हे तिन्ही एकत्र. अशा मुलाने डॉक्टरच्या सल्ल्याने, झेपेल तेवढेच खेळावे. वाहक मुलाची गोष्ट निराळी. तो आजारी नसतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही. पण अतिश्रमाने स्नायूंची मोडतोड होण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी अधिक आढळला. तो मुळात कमीच असलेला धोका आहे आणि पाणी, विश्रांती, सावकाश सराव यांनी आणखी कमी होतो. म्हणून वाहक मुलाला संघातून काढू नका. त्याला पाणी द्या आणि दिवसात तीन-तीन सामने खेळवू नका. ही दक्षता खरे तर सगळ्याच मुलांसाठी योग्य आहे.

यात स्थलांतराची भर. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि इतर मजुरीला कुटुंबे गुजरातकडे जातात, काही मुलेही सोबत जातात. दिवाळीपूर्वी सराव केलेल्या संघातले तीन गडी स्पर्धेच्या दिवशी नसतात. त्या जागी आयत्या वेळी उभी केलेली मुले उणे गुणफरकाची धनी होतात.

क्रमवारी कशासाठी लावायची?

रुग्णालयात आम्ही दिवसभर क्रमवारीच लावत असतो. अपघाताची जीप आली की आधी कोणाला आत घ्यायचे, हे ठरवावे लागते. लहान मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतो. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. हीसुद्धा क्रमवारीच आहे. पण लाल पट्टीतल्या मुलाला आपण घरी पाठवत नाही. त्याला आधी जेवण देतो, दाखल करतो, परत परत मोजतो. मोजायचे कशासाठी, हे आधी ठरलेले असते, म्हणून मोजण्याची पद्धत आणि नंतरची कृती दोन्ही त्याला धरून असतात.

बाद फेरीपूर्वीच्या क्रमवारीत नेमके उलटे घडते. सर्वांत खालच्या आठ संघांना, म्हणजे ज्यांना खेळायची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना, आपण तीन सामन्यांनंतर जीपमध्ये बसवतो. वरच्या संघांना आणखी सामने देतो, तेही एकाच दिवसात तीनपर्यंत.

‘खेळच तर आहे’ म्हणून हे सोडून देता येत नाही. दहावी-बारावीत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. वरच्या पातळीवर कोण जाणार, यावर डोंगरातल्या एखाद्या मुलाचे पुढचे आयुष्य फिरू शकते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदकापर्यंत गेली. पण धावण्याच्या शर्यतीत घड्याळ प्रत्येकीला स्वतंत्र मोजते. सांघिक खेळात चांगला मुलगा कच्च्या संघात असला, तर पहिल्याच दिवशी नजरेआड होतो. निवड करणारे दुसऱ्या दिवशी येतात, तोवर तो घरी पोहोचलेला असतो.

तेवढ्याच सामन्यांत दुसरा मार्ग

यावर उपाय आहे आणि तो जुना, सोपा, बिनखर्चाचा आहे. बुद्धिबळातली मुले तो रोज वापरतात. स्विस पद्धत म्हणतात त्याला. १८९५ मध्ये झुरिचच्या स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली, म्हणून हे नाव. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२४ मध्ये गांधीनगरला जागतिक ज्युनिअर मुलींचे विजेतेपद मिळवले, ती स्पर्धाही अकरा फेऱ्यांची स्विस स्पर्धाच होती.

नियम एवढाच : कुणीही बाद होत नाही. पहिल्या फेरीत चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. पुढच्या प्रत्येक फेरीत ज्यांचे विजय सारखे, त्यांची आपसांत गाठ घालायची. शक्यतो तीच जोडी पुन्हा येऊ द्यायची नाही. सामना बरोबरीत सुटला तर पाच-पाच चढायांचा कबड्डीतलाच नियम आहे.

सोळा संघांचा हिशेब मांडून पाहा. पहिल्या फेरीनंतर आठ संघ जिंकलेले, आठ हरलेले. दुसऱ्या फेरीनंतर दोन्ही जिंकलेले चार, एक-एक झालेले आठ, दोन्ही हरलेले चार. तिसऱ्या फेरीनंतर फक्त दोन संघ अपराजित उरतात. चौथ्या फेरीत ते दोघे समोरासमोर येतात, आणि तोच झाला अंतिम सामना. तो शेवटी ठेवा, ढोल वाजवा, पाहुणे बोलवा. चार फेऱ्यांनंतर चार विजयांचा एक संघ, तीन विजयांचे चार, दोन विजयांचे सहा, एका विजयाचे चार आणि शून्य विजयाचा एकच संघ. एक, चार, सहा, चार, एक. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर भाष्य करताना हलायुधाने दहाव्या शतकात जो मेरुप्रस्तार मांडला, त्यातली ही ओळ आहे.

आता खर्चाचे बघू. गट आणि बाद फेरी मिळून चोवीस अधिक सात, असे एकतीस सामने होतात. स्विसच्या चार फेऱ्यांत बत्तीस. एका सामन्याचा फरक. दोन मैदाने आणि दोन दिवस तेच. पण गट पद्धतीत आठ संघ तीन सामने खेळून घरी जातात आणि अंतिम फेरीतले दोन संघ सहा-सहा खेळतात. स्विसमध्ये प्रत्येक संघ चारच सामने खेळतो, रोज दोन. फेरीतला क्रम सांभाळला तर दोन सामन्यांत सुमारे दोन तासांची विश्रांतीही मिळते. गट पद्धतीत चार संघ एकही विजय न मिळवता परतू शकतात, इथे एकच. त्या काटकुळ्या मुलाचा संघ तिन्ही सामने हरला होता. स्विसमध्ये त्याचा चौथा सामना तीन पराभवांच्याच दुसऱ्या संघाशी झाला असता, म्हणजे बरोबरीच्या ताकदीच्या मुलांशी. कदाचित तो जिंकला असता, कदाचित हरला असता. पण खेळला असता.

तीन विजयांवरच्या चार संघांत दुसरा कोण, हा प्रश्न उरतो. तिथेही गुणफरक लागत नाही. प्रत्येक संघ ज्या चौघांशी खेळला, त्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांची बेरीज करा. ज्याची बेरीज मोठी, त्याने तगड्या संघांशी झुंज दिली. बुद्धिबळात हेच करतात. यात कच्च्या संघाला तुडवून काहीच मिळत नाही, म्हणून पंचवीस गुणांच्या आघाडीनंतर ओरडण्याचे कारणच उरत नाही. राखीव मुलांना उतरवता येते.

ही पद्धत निर्दोष नाही. चार सामने हीसुद्धा मोजकीच मोजणी आहे. मधले सहा संघ जवळपास सारखेच समजावेत आणि त्यांना सहावा, आठवा असे वेगळे क्रमांक देऊच नयेत. संघांची संख्या विषम असेल तर प्रत्येक फेरीत एकाला पुढे चाल द्यावी लागते. फेरी संपल्यावर पुढच्या जोड्या लावायला एक शांत डोक्याचा शिक्षक आणि वहीचे एक पान लागते. आमच्या शाळांत दोन्ही मिळते.

‘मुलांना हार पचवता आली पाहिजे’

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि मला तो पटतोही. स्विसमध्ये पंधरा संघ किमान एकदा हरतात, आणि हरल्यावर दोन तासांनी त्यांना पुन्हा मैदानात उभे राहावे लागते. हार पचवायला यापेक्षा चांगली शाळा कोणती? तीस गुणांनी तुडवले जाऊन जीपमध्ये बसण्यात मुलाने काय पचवायचे, हे मला तरी कळलेले नाही.

दुसरे म्हणतात, वरून ठरलेल्या स्पर्धेचे स्वरूप आम्ही कसे बदलणार? वरच्यांना एक विजेता संघ हवा असतो. तो स्विसमध्येही मिळतो. आणि तोवर शाळेतल्या शाळेत, केंद्र पातळीवर, गावच्या मंडळाच्या स्पर्धेत सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पद्धत बदलायची नसेल, तरी चार गोष्टी यंदापासून करता येतील. गुणफरक धरायचाच असेल तर एका सामन्यात पंधरापुढचा धरू नका, आणि हे स्पर्धेपूर्वी सर्वांना सांगा. एका मुलाला दिवसात दोनपेक्षा जास्त सामने खेळवू नका. वजन सकाळी लवकर करा आणि काट्याच्या शेजारीच नाश्ता ठेवा. वजनासाठी मुलाला उपाशी ठेवणाऱ्या शिक्षकाला सांगा की त्याने एक किलो वाचवला आणि एक खेळाडू घालवला. सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी स्पर्धेच्या महिनाभर आधी करून घ्या. म्हणजे माझ्यासारख्याला टेबलावर बसून अंदाज बांधावे लागणार नाहीत, आणि ज्याचे रक्त कमी आहे त्याला गोळ्या सुरू करायला वेळ मिळेल.

त्या दिवशी मी त्या मुलाला त्याचा क्रमांक सांगितला नाही. ‘‘अजून ठरायचाय,’’ म्हणालो. त्याने भिंतीकडे पाहिले आणि काही न बोलता बूट हातात घेतले. त्याला वाचता येत होते.